जूं, सांखळी आणि आंकडा



इतिहासाच्या पुस्तकांत ओढणाऱ्याचें नांव असतें आणि ओढल्या जाणाऱ्या ओझ्याचेंहि असतें. कोणत्या राजाच्या पदरीं हत्ती होते, आगगाडी कोणत्या सालीं कोठवर आली, कोणत्या रानांतील साग कोठें गेला, हें सारें आम्हीं मुलांकडून घोकून घेतलें. परंतु ओढणारा आणि ओझें या दोहोंच्या मध्यें जी जोडणी असते, तिच्यावर एकहि धडा मीं माझ्या अडतीस वर्षांच्या मास्तरकींत शिकविला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर. यंत्रशास्त्र मला येत नाहीं. तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत आयुष्य गेल्यामुळें हा राहून गेलेला धडा आज आपणांपुढें वाचण्याचें धाडस करीत आहें.

त्याला निमित्त लहानसेंच झालें. माझा एक जुना विद्यार्थी चंद्रपुराजवळ राहतो. त्याच्यापाशीं पन्नाशी उलटलेली एक पिकअप गाडी आहे. पुढें दोन माणसांची जागा आणि मागें उघडा हौदा. मोडीत निघालेली ही गाडी घेऊन त्यानें ती स्वतःच्या हातांनीं पुन्हा चालती केली. आतां तिच्यामागें दोनचाकी लहान ट्रेलर लावून त्यांतून बांबूचीं व सागाचीं रोपें नेण्याचें त्याच्या मनांत आलें. त्यासाठीं गाडीच्या पाठीमागें जोडणी बसवावयाची होती. त्यानें मला निरोप धाडला, “गुरुजी, काम सुरू होईल त्या दिवशीं तुम्ही येऊन बसा.” रोपें भरण्यास नव्हे, जोडणी बसवितांना मास्तरास बोलावणें, हें ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. मला तें वाटलें नाहीं. कां, तें शेवटीं सांगेन.

माणसाची सर्वांत जुनी जोडणी म्हणजे जूं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडी भरतांना जाणता गाडीवान एक गोष्ट कटाक्षानें पाहतो: ओझें आंसाच्या किंचित् पुढें आलें पाहिजे. तें मागें सरकलें तर गाडी उलाळ होते. मागची बाजू खालीं झुकते, जूं वर उचललें जातें आणि गळ्याखालच्या सापत्या बैलांना आवळूं लागतात. ओझें फार पुढें गेलें तर सारा भार बैलांच्या मानेवर येऊन खांदे सुजतात. भार जोडणीवर थोडा असावा, परंतु असावा, हें यांतील मर्म आहे. अक्षरओळख नसलेला गाडीवान तें जाणत होता. आज मोटारींचे जाणकार ट्रेलरविषयीं आंकडेमोड करून जें सांगतात, तें याहून निराळें नाहीं.

जूं बंडीपुरतें पुरेसें होतें. परंतु आमच्या रानांतील ओझें बंडींत मावणारें नव्हतें. चांदा जिल्ह्याचा दक्षिणेकडील व पूर्वेकडील मुलूख म्हणजे अहेरी, आलापल्ली, सिरोंचा येथील सागाचीं दाट रानें. (चांद्याचें चंद्रपूर हें नांव १९६४ च्या सुमारास झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला.) तोडलेला ओंडका जेथें पडे तेथून गाडीवाटेपर्यंत त्याला सांखळीनें बांधून बैलांनीं किंवा हल्यांनीं ओढीत आणावें लागे. थोर ओंडक्यांना हत्ती लागत. कमलापूर येथें वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. तेथील हत्ती आज लोक कौतुकानें पाहावयास जातात, परंतु त्यांच्या वाडवडिलांचें काम ओंडके ओढण्याचें होतें. हत्तीच्या छातीला रुंद पट्टा आणि त्या पट्ट्यापासून ओंडक्यापर्यंत सांखळी. पट्टा रुंद असण्याचें कारण सरळ आहे. सांखळी जर बारीक दोरानें हत्तीच्या अंगाला बांधली, तर ओढीचा सारा जोर त्या एका रेघेवर येऊन दोर मांसांत रुतेल. बळ मोठें असेल तेव्हां तें मोठ्या जागेवर पसरून घ्यावें लागतें, हा जोडणीचा दुसरा नियम.

पुढचा प्रवास पाण्यानें होई. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. या जलमार्गानें साग समुद्राच्या दिशेनें नेतां येई. येथें निसर्गाची एक अडचण आहे: ताजा तोडलेला साग पाण्यावर तरंगत नाहीं. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं साल व त्याखालचें लांकूड वर्तुळाकार कापून, झाड उभेंच वाळूं देऊन मग तें तोडण्याची रीत सागाच्या मुलखांत पडली. तराफ्यांत जोडणी म्हणजे निव्वळ बांधणी. एक बंध सुटला कीं सारा तराफा विसकटे. गोदावरींत नावांची नियमित वाहतूक सुरू करण्याचा उद्योग इंग्रजांनीं सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेनें आरंभिला. परंतु नदींतील खडकांच्या मोठ्या अडसरांपुढें व खर्चापुढें तो टिकला नाहीं, आणि १८७१ सालीं तें काम थांबलें.

नदी हरली तेथें रूळ आले. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आगगाडी आली ती कोळशासाठीं, १८७७ च्या सुमारास. पुढें ती बल्लारशहापर्यंत पोंचली, आणि १९२९ च्या सुमारास बल्लारशहा-काझीपेठ दुवा पुरा होऊन उत्तरेचा व दक्षिणेचा सरळ मार्ग आमच्या दारावरून गेला. बल्लारपूर ही लांकडाची मोठी पेठ झाली ती या रुळांमुळें.

आगगाडीबरोबर जोडणीचा प्रश्न भीषण रूपानें पुढें आला. कारण येथें ओझें ओढणाऱ्याच्या कित्येक पट असूं शकतें आणि दोन डब्यांच्या मध्यें माणूस उभा असतो. आपल्याकडे पुष्कळ वर्षें डब्यांना दोन्ही अंगांस धक्के सोसणारे बफर आणि मध्यें मळसूत्राची सांखळी असे. एक माणूस दोन डब्यांच्या मध्यें शिरून एका डब्याची कडी दुसऱ्याच्या आंकड्यांत अडकवी आणि मळसूत्र फिरवून ती आवळी. अमेरिकेंत तर आरंभीं कडी आणि खिळा अशी जोडणी होती: डबा जवळ येत असतां माणसानें कडी हातानें धरून नेमकी खांचेंत घालावयाची आणि वरून खिळा सोडावयाचा. क्षणाचा उशीर झाला कीं बोटें गेलीं. तेथें रेल्वेच्या माणसाचीं तुटलेलीं बोटें हा त्याच्या जुन्या नोकरीचा दाखला समजला जाई.

एलाय जॅनी नांवाच्या गृहस्थानें १८७३ सालीं वळलेल्या बोटांसारखे दोन पंजे एकमेकांत आपोआप गुंतणारी जोडणी काढून तिचें पेटंट घेतलें. शोध लागला, परंतु तो लगेच सर्वत्र बसला नाहीं. बसविण्यास पैसे पडत होते, आणि बोटें मजुराचीं जात होतीं. आयोवा संस्थानांतील लोरेन्झो कॉफिन यांनीं हा प्रश्न वर्षानुवर्षें लावून धरला. अखेर १८९३ मध्यें अमेरिकेनें कायदा करून आपोआप जुळणाऱ्या जोडण्या सक्तीच्या केल्या. शोधापासून कायद्यापर्यंत वीस वर्षें गेलीं. त्या वीस वर्षांत गेलेल्या बोटांची किंमत कोणत्याहि ताळेबंदांत दिसत नाहीं. आपल्याकडील मालगाड्यांनाहि पुढें मधोमध बसणारे तसे कपलर आले.

तिसरी अवस्था मोटारीची. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून जीप गाडी निघाली आणि तिच्यामागें पाव टनाचा दोनचाकी ट्रेलर निघाला. त्या जीपच्या पाठीमागील आंकडा पाहण्यासारखा आहे. त्याचा वरचा जबडा उघडतो, ट्रेलरचें जाड लोखंडी कडें आंत बसतें, जबडा मिटतो, आणि मग एक कळ त्याला आपोआप उघडूं देत नाहीं. हा आंकडा मागच्या पत्र्याला लावलेला नव्हता. तो गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या पट्टीला, दोन्ही बाजूंनीं आधार देऊन बसविला होता. युद्ध संपल्यावर सैन्याच्या शिल्लक गाड्या विक्रीस निघाल्या. १९४७ सालीं महिंद्रांनीं विलीजच्या जीपा या देशांत आणल्या, १९५४ पासून जमशेदपुरास टाटा-मर्सिडीझचे ट्रक होऊं लागले, आणि हळूहळू रानांतील बंडीची जागा मोटारीनें घेतली. आलापल्लीहून आष्टी-गोंडपिपरीवरून बल्लारपूर सुमारें शंभर किलोमीटर; बंडीला जी वाट दिवसांची होती ती तासांची झाली.

ट्रॅक्टर आला आणि ट्रॉली आली. ट्रॅक्टरनें जोडणीचा आणखी एक धडा शिकविला, तोहि माणसें मारूनच. पहिल्या ट्रॅक्टरांना मागें नांगर केवळ सांखळीनें किंवा दांडीनें अडकवीत. नांगर दगडास अडला कीं मागचीं चाकें फिरत राहत, पुढचा भाग उचलला जाई आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या अंगावर उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत तीन ठिकाणीं जोडण्याची जी रीत सिद्ध केली, तिनें नांगराची ओढच ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना जमिनीवर दाबूं लागली. कोठें जोडलें, याला किती जोडलें याहून अधिक महत्त्व आहे, हें यावरून ध्यानीं येईल.

आतां मी माझ्या विद्यार्थ्याच्या अंगणांत येतों.

कारागीर दोघे होते, एक तरुण व एक वयस्क. तरुणानें सुचविलें कीं मागच्या बंपरलाच एक पट्टी वेल्ड करून तींत गोळा बसवावा. अर्ध्या तासाचें काम. वयस्क कारागिरानें मान हलविली. बंपर हा धक्का खाण्यासाठीं असतो, ओढ सोसण्यासाठीं नव्हे. त्यानें गाडीखालीं चटई घातली, निजून सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्या हातोडीनें ठोकून पाहिल्या. धड लोखंड खणखणतें. गंजलेलें लोखंड बद्द बोलतें. एका बाजूस वीतभर जागा बद्द बोलली. ती खरवडून, कापून, तेथें नवें लोखंड भरल्यावांचून पुढें जाण्यास त्यानें नकार दिला. त्यांत दोन दिवस गेले.

मग मुख्य वस्तु बसली. तिला ते लोक रिसीव्हर म्हणतात. आंतून दोन इंचांची चौकोनी लोखंडी नळी, तिला आडवा भक्कम दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांस रुंद तबकड्या. या तबकड्या सांगाड्याच्या दोन पट्ट्यांना बोल्टांनीं आवळतात. म्हणजे हत्तीच्या छातीवरील पट्ट्याप्रमाणें ओढ रुंद जागेवर पसरते. चौकोनी नळींत ओढदांडी सरकते, आडवी पिन तिला अडवते, आणि दांडीच्या टोकावर ट्रेलरच्या वाटीसाठीं लोखंडी गोळा असतो. ट्रेलर नसेल तेव्हां दांडी काढून ठेवतां येते. मागून चालणाऱ्याच्या गुडघ्याला ती लागत नाहीं.

भोंकें पाडतांना त्या कारागिरानें मला एक गोष्ट समजावून सांगितली. सांगाड्याची पट्टी वाकते तेव्हां तिच्या वरच्या आणि खालच्या कडांवर सर्वांत अधिक ताण येतो. मध्यभागीं तो थोडा असतो. म्हणून भोंक उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावें, कडेला कधींहि पाडूं नये. छडी वाकवून पाहिली तर तिची साल बाहेरच्या अंगानें फाटते, हें मुलांनींहि पाहिलेलें असतें. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ अशी खूण असते. ती लोखंडाच्या ताकदीची खूण होय. खूण नसलेला बोल्ट त्यानें हातीं घेतला नाहीं. सगळे बोल्ट प्रथम अर्धे, मग ताण मोजणाऱ्या पान्यानें पुरे आवळले, आणि शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासण्यास सांगितलें.

शेवटीं भार मोजला. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा गोळ्यावर यावा लागतो. ट्रेलर पांचशें किलोचा, म्हणजे गोळ्यावर पन्नास ते सुमारें सत्तर किलो. धान्याच्या कांट्यावर ट्रेलरची दांडी टेकविली तेव्हां पस्तीसच भरले. एवढा कमी भार असला तर वेगांत ट्रेलर शेपटीसारखा डोलूं लागतो आणि पुढच्या गाडीलाहि बरोबर नेतो. रोपांचे खोके पुढें सरकविले आणि वजन साठावर आलें. मला बंडी आठवली. ओझें आंसाच्या किंचित् पुढें! ट्रेलरच्या दोन सांखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून अडकविल्या. जोडणी सुटलीच तर दांडी रस्त्यांत न रुततां त्या फुलींत झेलली जावी म्हणून. मागचे दिवे जोडले. ट्रेलर हेंहि कायद्यानें वाहनच, तेव्हां त्याच्या निराळ्या नोंदणीचे कागद झाले. जुन्या गाडीचे ब्रेक जुनेच, म्हणून पांचशें किलोंहून अधिक भरावयाचें नाहीं असें ठरलें.

आणि आतां मला कां बोलाविलें होतें, तें सांगतों.

१९८४ च्या उन्हाळ्यांत मी अहेरी तालुक्यांतील एका लहान गांवीं नवाच मास्तर होतों. हा मुलगा माझ्या वर्गांत होता. त्याचा बाप एका कंत्राटदाराच्या ट्रॅक्टरवर मजूर होता. ट्रॉली जोडणें व सोडणें हें त्याचें काम. एके दिवशीं ट्रॉलीची पिन हरवली. तिच्या जागीं इमारतीच्या लोखंडाची एक सळई वांकवून घालण्यास त्याला सांगण्यांत आलें. नाल्याच्या चढावर सळई तुटली, लांकडांनीं भरलेली ट्रॉली मागें आली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालीं गेला.

दुसऱ्या दिवशीं मुकादम कोरा कागद घेऊन शाळेंत आला. गांवांत लिहितां येणारा मीच. त्यानें सांगितलें तसें मीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें: मजुराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळें अपघात झाला, त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं. खाटेवर पडलेल्या त्या माणसाचा आंगठा त्यावर उमटला. सळईचा उल्लेख मीं केला नाहीं; मला तो सांगितला गेला नव्हता, आणि मींहि विचारला नाहीं. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून अस्तित्वांत होता, आणि त्या कायद्याप्रमाणें केवळ निष्काळजीपणामुळें मजुराचा हक्क बुडत नव्हता, हें मला पुढें कित्येक वर्षांनीं कळलें. तोंपर्यंत मुदत उलटून गेली होती. मुलानें सातवीनंतर शाळा सोडली. इतिहास शिकविणाऱ्या मास्तरानें स्वतःच्या हातानें लिहिलेला इतिहासाचा तेवढा एकच कागद. तो खोटा होता.

विद्यार्थ्यानें मला कधीं बोल लावला नाहीं. त्या दिवशीं त्याचा बापहि अंगणांत खुर्चीवर बसला होता, कुबडी शेजारीं टेकवून. सर्व काम झाल्यावर त्यानें ओढदांडीची पिन मागून घेतली, हातांत फिरवून पाहिली, तिची क्लिप उघडून मिटून पाहिली, आणि मुलास म्हणाला, “अशी अजून एक आणून गाडींत ठेवजो. एक हरवली तं दुसरी घालजो.” मुलगा लगेच पेठेंत जाऊन दुसरी पिन घेऊन आला. ती आतां गाडींत बैठकीखालीं असते.

२०२३ च्या मार्च महिन्यांत अयोध्येच्या राममंदिरासाठीं आमच्याकडील साग बल्लारपुराहून मिरवणुकीनें रवाना झाला. तो सोहळा साऱ्या महाराष्ट्रानें पाहिला आणि त्याची नोंद राहील, हें योग्यच आहे. परंतु जंगलांतून पेठेपर्यंत तें वैभव दीडशें वर्षें कडी, सांखळी आणि पिन यांच्या आधारानें आलें, आणि त्या तिन्हींजवळ नेहमीं एक माणूस उभा होता. त्याची नोंद कोठें सांपडली, तर ती माझ्या त्या कागदासारखी असण्याचा संभव आहे. म्हणून आज एवढेंच नोंदवून ठेवतों कीं १९८४ च्या त्या अपघातांत चूक मजुराची नव्हती. पिनेच्या जागीं सळई होती.